साडेतीनची गाडी : एक वाहून गेलेली मोरी आणि शाळेचे शेवटचे दोन तास

हे प्रकरण सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरी पट्ट्यातलं आहे. गावांची आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. डोंगरावरच्या वस्तीला ‘वाडी’ म्हणू आणि खाली हायस्कूल आहे त्याला ‘बाजारगाव’. मी त्या हायस्कुलात गणित शिकवत होतो आणि शाळेचं वेळापत्रकही मीच लावायचो. त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्यातल्या दोन माझ्या आहेत.

पार्श्वभूमी

वाडीत जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. आठवीला डोंगर उतरायचा. वाडीपासून मुख्य रस्त्यावरचा फाटा साडेचार किलोमीटर आणि फाट्यापासून बाजारगाव सात. वाडी ते फाटा हा रस्ता अरुंद आणि चढाचा. फाट्यावरून वर निघालं की पावणेदोन किलोमीटरवर एक ओढा लागतो. त्यावर सिमेंटच्या नळ्या टाकून केलेली मोरी होती.

शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. त्या हिशेबाने आठवीची मुलगी कायद्याच्या छत्राखाली येते. ती नववीत गेली की छत्री मिटते. वाडीच्या बाबतीत हा हिशेब कुणी कधी केला नव्हता, कारण एसटी होती. सकाळी सव्वानऊला वाडीतून निघणारी गाडी मुलांना शाळेत पोचवायची आणि संध्याकाळी सव्वापाचला बाजारगावातून सुटणारी गाडी सहाच्या आत घरी आणायची. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत असतो. मुलांना तिकिटाच्या एक तृतीयांश पैशांत पास मिळतो. पूर्वी रात्री मुक्कामी गाडीही यायची. चालक-वाहक देवळात झोपायचे आणि पहाटे दुधाचे कॅन घेऊन निघायचे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत ती बंद झाली ती झालीच.

पुढच्या वर्षी तीन गोष्टी एकामागोमाग घडल्या.

२२ आणि २३ जुलै २०२१ ला सह्याद्रीत जो पाऊस झाला त्यात महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पडला. पाटण तालुक्यात दरडी कोसळून माणसं गेली. त्या मानाने आमच्या ओढ्यावरची मोरी वाहून गेली ही बातमीसुद्धा नव्हती. पण एसटी फाट्यापर्यंतच येऊ लागली. मग ४ ऑक्टोबरला ग्रामीण भागातल्या पाचवीपासूनच्या शाळा उघडल्या. आणि २८ ऑक्टोबरपासून राज्य सरकारात विलीनीकरणाच्या मागणीसाठी एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो पुढे एप्रिल २०२२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा महिने चालला. मोफत पास मुलींच्या दप्तरात होते, गाडी मात्र नव्हती.

वाडी आणि तिच्या दोन उपवस्त्या मिळून आठवी ते बारावीत तेवीस मुलं-मुली होती. चौदा मुली, नऊ मुलगे.

अडचण कशी दिसली

दिवाळीनंतर पूर्ण वेळ शाळा सुरू झाली. वाडीच्या मुलांची हजेरी पाहिली तर काळजी करण्यासारखं काही नव्हतं. मुख्याध्यापिकाबाईंनी शिक्षकांच्या बैठकीत कौतुकही केलं, की संप असूनही वाडीच्या पोरी येतात.

डिसेंबरात नववीची घटक चाचणी तपासताना मला एक गोष्ट खटकली. वाडीच्या चार मुलींच्या उत्तरपत्रिकांत बीजगणित ठीकठाक होतं. भूमितीची पानं मात्र कोरी. अगदी आकृतीसुद्धा काढलेली नव्हती. चौघींनी एकमेकींचं पाहून लिहिलं असतं तर चुकाही सारख्या दिसल्या असत्या. इथे चुका नव्हत्याच, नुसता कोरा कागद होता. मी वर्गात त्यांना उभं केलं आणि बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. थोडक्यात, घरी मोबाइल बघत बसता, असा सूर होता. तीन जणी मान खाली घालून उभ्या राहिल्या. चौथी म्हणाली, “सर, भूमिती शेवटच्या तासाला असती. साडेतीनची गेली की मग अंधारच पडतोय की.”

साडेतीनची म्हणजे वडाप. बाजारगावातून फाट्याच्या दिशेने जाणारी शेवटची भरवशाची जीप साडेतीनच्या सुमारास भरायची. त्यानंतर प्रवासी नाहीत, म्हणून जीपवाले थांबत नसत. चारनंतर एखादी मिळालीच तर ती दारूच्या दुकानावरून येणाऱ्या गिऱ्हाइकांनी भरलेली. साडेतीनची जीप फाट्यावर पावणेचारला, तिथून चढ चढून घरी पाच-सव्वापाच. शाळा पाचला सुटते. पाचनंतर निघून फाट्यावर पोचायला काही मिळालं तरी पुढचा साडेचार किलोमीटरचा चढ अंधारात. डिसेंबरात आमच्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण पश्चिमेला डोंगर असला की अर्धा तास आधीच सावली उतरते. त्या रस्त्याला गवे येतात. बिबट्याचं म्हणाल तर त्याचं नाव जास्त आणि दर्शन कमी, पण आईला नाव पुरतं.

मुलगे थांबायचे. कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, नाहीतर जीपच्या मागच्या शिडीला लटकून जायचे. मुलींना ती सोय नव्हती.

हजेरी आम्ही दोनदा घ्यायचो, प्रार्थनेनंतर आणि जेवणाच्या सुट्टीनंतर. दुसरी हजेरी दोन वाजता. साडेतीनच्या लहान सुट्टीत मुली मागच्या फाटकाने निघून जायच्या, आणि हजेरीपत्रकात त्या दिवसभर हजर असायच्या. सातवा आणि आठवा तास त्यांच्यासाठी नव्हताच. त्या तासांना मी भूमिती ठेवली होती आणि विज्ञानाच्या बाईंनी प्रात्यक्षिकं. सकाळी गणित घेतलं की पोरं झोपाळू असतात अशी माझी समजूत होती.

वर्गशिक्षकांना हे माहीत नव्हतं का? दोघांना माहीत होतं. त्यांनी दयेपोटी डोळेझाक केली होती. त्यांना दोष देणं अवघड आहे. पण त्या दयेमुळे दीड महिना ही गोष्ट शिक्षकांच्या खोलीपलीकडे गेली नाही.

पहिला निर्णय : दप्तरात लिहायचं की नाही

मुख्याध्यापिकाबाईंपुढे पहिला पेच वाहतुकीचा नव्हताच. शेवटच्या तासाची हजेरी घेऊन मुली गैरहजर लिहायच्या, तर त्यांची उपस्थिती घसरते आणि दहावी-बारावीच्या मुलींना बोर्डाच्या उपस्थितीच्या अटीत अडचण येऊ शकते. न लिहावं, तर कागदावर अडचणच नाही, आणि जी अडचण कागदावर नाही तिच्यासाठी पंचायत समितीत कुणी खुर्ची पुढे करत नाही.

त्यांनी मधला मार्ग काढला. सरकारी हजेरीपत्रक होतं तसंच ठेवलं आणि एका साध्या शंभर पानी वहीत पंधरा दिवस शेवटच्या दोन तासांची नोंद केली. कोण किती वाजता गेलं, कशाने गेलं, घरी कधी पोचलं. शेवटचा रकाना दुसऱ्या दिवशी मुलींनीच भरायचा. पुढे प्रत्येक कार्यालयात हीच वही उपयोगी पडली. निवेदनावर कुणी नजर टाकत नसे, वही मात्र उघडून वाचत. एका साहेबांनी तर बोट ठेवून विचारलं, “ही रोज ७:१० ला पोचणारी कोण?” ती बारावीची होती. विज्ञान शाखेची. प्रात्यक्षिकं बुडू नयेत म्हणून ती एकटी मागे थांबायची आणि तिचा धाकटा भाऊ बॅटरी घेऊन फाट्यावर तिला न्यायला यायचा. भाऊ सहावीत होता.

काय काय करता आलं असतं

शाळा व्यवस्थापन समिती, वाडीचे सरपंच आणि आम्ही दोन शिक्षक एका रविवारी बसलो. पाच पर्याय पुढे आले.

वसतिगृह. तालुक्याला मुलींचं वसतिगृह आहे. ऐकायला सर्वांत सोपा मार्ग. पण वर्ष अर्धं सरलेलं, जागा दोन-तीनच. शिवाय घरातून मुलगी काढणं म्हणजे पाणी, गुरं, धाकटी भावंडं यांचा सगळा हिशेब बदलणं. दोन मुली गेल्या, दोघींच्या घरी आजी धडधाकट होती. बाकीच्यांनी नको म्हटलं.

सायकली. ही सूचना उत्साहाने आली, कारण बिहारचं उदाहरण सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं. ते उदाहरण खरंच भक्कम आहे. २००६ मध्ये बिहार सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. त्यावरच्या अभ्यासात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचं आणि मुलामुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत फायदा जास्त झाला. मुली घोळक्याने सायकलवर निघाल्या की रस्ता त्यांचा होतो, ही त्यातली मोठी गोष्ट. पण ती गंगेच्या सपाटीची गोष्ट आहे. आमच्या सरपंचांनी एका वाक्यात विषय संपवला : “जाताना सायकल पोरीला नेईल, येताना पोरगी सायकलीला.” उतारावर ब्रेक लागला नाही तर काय, हे बोलायचीही वेळ आली नाही.

ठरावीक जीप. रोजच्या भाड्याने एक जीप मुलींसाठी बांधून घ्यायची. इथे मुख्याध्यापिकाबाई सावध झाल्या, आणि ते योग्यच होतं. शाळेने गाडी ठरवली की ती शालेय वाहतूक ठरते. २०११ च्या राज्याच्या नियमांप्रमाणे तिला परवाना, वेग नियंत्रक, मदतनीस, शाळेची परिवहन समिती असं सगळं लागतं. वडापच्या जीपकडे यातलं काही नसतं. उद्या अपघात झाला तर मुख्याध्यापकाचं नाव पहिलं. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर मुली त्याच जीपमधून त्याच धोक्यात रोज जातच होत्या, फक्त कुणाच्या जबाबदारीवर नाही.

प्रवासभत्ता. समग्र शिक्षा अभियानात दूरच्या मुलांसाठी वर्षाला कमाल ६,००० रुपये वाहतूक भत्त्याची तरतूद आहे आणि २०२१–२२ पासून ती माध्यमिक वर्गांपर्यंत वाढवली गेली. यासाठी शाळेने आधी यादी पाठवावी लागते. आमच्या केंद्राचा प्रस्ताव गेला तेव्हा एसटी वाडीत येत होती, म्हणून यादीत वाडीचं नाव नव्हतं. पुढच्या वर्षी पाहू, असं उत्तर मिळालं. मानव विकास कार्यक्रमातल्या, फक्त मुलींसाठी धावणाऱ्या निळ्या गाड्यांचं कुणीतरी काढलं. त्या १२५ मागास तालुक्यांसाठी आहेत. आमचा तालुका त्यात बसत नाही.

वेळापत्रक बदलणं. हा पर्याय शेवटी आला आणि सगळ्यांनी तो किरकोळ समजला.

मोरीचं काय, हा प्रश्न तर सुरुवातीपासून होताच. पण मोरी कुणाची, हे शोधण्यातच तीन आठवडे गेले. सार्वजनिक बांधकाम विभागाने सांगितलं, रस्ता जिल्हा परिषदेचा. जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाने विचारलं, ग्रामीण मार्ग क्रमांक काय? ग्रामसेवकांच्या दप्तरात क्रमांक होता, पण तो शेजारच्या वाडीच्या रस्त्याचा निघाला. पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० सालापासून आहे. पण ज्या रस्त्याला धड क्रमांकच नाही त्याला कुठल्या योजनेत बसवणार?

काय केलं

आधी वेळापत्रक बदललं, कारण त्याला कुणाची मंजुरी लागत नव्हती आणि पैसाही लागत नव्हता. शाळेची वेळ अलीकडे आणायची म्हटल्यावर विरोध झाला. शिक्षक कऱ्हाडहून आपापल्या वाहनाने यायचे आणि बाजारगावची मुलं सकाळी डेअरीला दूध घालून येतात. म्हणून वेळ तीच ठेवली, तास फिरवले. गणित, विज्ञान, इंग्रजी साडेतीनच्या आत. शेवटच्या दोन तासांना शारीरिक शिक्षण, चित्रकला, वाचनालय, कार्यानुभव. एका शनिवारी दुपारी तीन तास बसून मी ते लावलं. नंतर आठवडाभर कुरबुर झाली, कारण चित्रकलेच्या सरांना चार वर्गांना लागोपाठ जावं लागत होतं.

याला उपाय म्हणता येणार नाही. वाडीच्या मुली आता खेळाला आणि वाचनालयाला मुकल्या. पण बोर्डाच्या परीक्षेला तीन महिने राहिले होते.

जीप दुसऱ्या टप्प्यात आली. जानेवारीत ओमायक्रॉनमुळे आठवी, नववी आणि अकरावीचे वर्ग पुन्हा बंद झाले आणि २४ जानेवारीला उघडले. त्या मधल्या दिवसांत पालकांनी आपली समिती केली आणि शाळेचं नाव न घालता जीप ठरवली. रोजचे सहाशे रुपये, सकाळी दोन फेऱ्या, संध्याकाळी सव्वापाचला दोन फेऱ्या. बारा मुलींचे घरटी रोज वीस रुपये धरून दोनशे चाळीस जमायचे. उरलेले तीनशे साठ वाडीच्या मुंबईकर मंडळाने उचलले. वाडीतली निम्मी कर्ती माणसं नवी मुंबईच्या बाजारात माथाडी आहेत. देवळाच्या कळसासाठी जमवलेल्या पैशातून ही रक्कम आली. त्यावर मंडळाच्या ग्रुपवर दोन दिवस वाद झाला, असं कळलं.

जीप सुरू झाली आणि पहिल्या आठवड्यात तिच्यात पाचच मुली बसल्या.

हे आम्हाला कळेना. पैसे ठरले, वेळ ठरली, गाडी दारात उभी, आणि मुली साडेतीनच्या वडापलाच निघतात. समितीत सात जण होते, सातही पुरुष. कारण शोधून काढलं वाडीच्या अंगणवाडी मदतनीस ताईंनी. ते दोन वाक्यांचं होतं. जीपवाला परतीच्या दुसऱ्या फेरीत रिकाम्या जागा फाट्यावरच्या दारू दुकानाच्या गिऱ्हाइकांनी भरत होता. आणि पुढच्या सीटवर कोणी बसायचं यावरून पोरींना चिडवलं जात होतं.

ताईंनीच तोडगा सांगितला. वाडीतली एक बाई रोज संध्याकाळी फाट्यापासून जीपमध्ये बसेल आणि पुढच्या सीटवर तीच बसेल. बायकांनी आपसांत वार वाटून घेतले. सोमवारी बाजार, म्हणून सोमवारी कुणाचीही अडचण नाही. शुक्रवारी बचतगटाची बैठक, म्हणून शुक्रवार एका आजीकडे. पुढच्या आठवड्यात बाराही मुली शेवटच्या तासाला थांबल्या. मला आजही वाटतं, या सगळ्या प्रकरणात पैसे न लागलेला आणि सर्वांत नेमका बसलेला उपाय हाच.

जीप ओढ्यापर्यंतच जायची. पुढचे पावणेतीन किलोमीटर चालतच. फेब्रुवारीच्या शेवटी ग्रामस्थांनी ओढ्यात वाहून गेलेल्या नळ्यांपैकी चार शोधून काढल्या, भाड्याच्या जेसीबीने त्या बसवल्या आणि वर मुरूम टाकला. पोकळ काम होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. ओढा कोरडा असेतो चालणार होतं. त्यावरून जीप वाडीत गेली त्या दिवशी शाळकरी पोरांनी तिला हार घातला.

१५ मार्चला दहावीची परीक्षा सुरू झाली. त्या वर्षी बोर्डाने विद्यार्थ्यांच्या आपल्याच शाळेत परीक्षा केंद्र दिलं होतं. एरवी आमचं केंद्र आणखी नऊ किलोमीटर पुढे असतं. कोरोनामुळे घेतलेला तो निर्णय वाडीच्या मुलींसाठी वाहतुकीचा निर्णय ठरला. तो पुढे टिकला नाही.

एसटी परत आली, पण वर नाही

एप्रिलच्या शेवटी संप मिटला, गाड्या सुटू लागल्या. आम्हाला वाटलं, झालं. जूनमध्ये अर्ज दिला तेव्हा उत्तर आलं की तात्पुरत्या मोरीवरून प्रवासी गाडी नेता येणार नाही. रास्तच होतं. जुलैच्या दुसऱ्या पावसात दोन नळ्या गेल्याच.

आगाराशी त्या वेळी एक वेगळं बोलणं झालं, आणि माझ्या मते तोच दुसरा मोठा निर्णयाचा क्षण. आमचा हट्ट होता गाडी वाडीपर्यंत हवी. तिथल्या वाहतूक नियंत्रकांनी वही चाळली आणि विचारलं, “तुम्हाला गाडी वर हवी आहे, का मुली उजेडात घरी हव्या आहेत?” दोन्ही एकच आहे असं आम्ही धरून चाललो होतो. सव्वापाचची फाट्यावरून जाणारी गाडी त्यांना पाच वाजून पाच मिनिटांनी सोडता येत होती. शाळेने शेवटची घंटा पाच मिनिटं आधी दिली, तर मुली त्याच गाडीने रस्त्याला लागणार होत्या आणि साडेपाचच्या आत फाट्यावर. पावसाळ्यात सातपर्यंत उजेड असतो. नोव्हेंबर ते जानेवारी एवढे तीन महिने जीप ठेवायची. बारा महिन्यांचा प्रश्न तीन महिन्यांवर आला. आमच्या अर्जात ही मागणी नव्हतीच. आम्ही रस्ता मागत होतो.

पूरहानी दुरुस्तीतून नवा छोटा पूल मंजूर झाला आणि मे २०२३ मध्ये पुरा झाला. मग पाहणीला गाडी वर गेली आणि वळता येईना. एसटीची गाडी पस्तीस-चाळीस फुटांची. वाडीत ती पूर्वी देवळापुढच्या पटांगणात वळायची. मधल्या दोन वर्षांत त्या पटांगणाच्या एका कोपऱ्यात समाजमंदिराचा ओटा आला होता आणि दुसऱ्या कोपऱ्यात एकाच्या घराचे चिरे रचलेले. गाडीच येत नाही म्हटल्यावर जागा कशाला मोकळी ठेवायची? चालकाने दीड किलोमीटर मागे मागे येत गाडी काढली आणि तसा अहवाल लिहिला. चिरे हलवायला चार महिने लागले. त्यातले साडेतीन भावकीच्या बोलण्यात गेले आणि हलवायला एक दिवस. नोव्हेंबर २०२३ पासून गाडी वाडीत जाते. मुक्कामी गाडी अजून नाही.

निष्पत्ती

चौदापैकी दोन मुली वसतिगृहात गेल्या आणि तिथेच पुढे शिकल्या. एक नववीतली मुलगी पुढे कोपरखैरण्याला मामाकडे गेली, ती परत आली नाही. तिला आम्ही बराच काळ ‘दीर्घ गैरहजर’ लिहीत राहिलो. तिची जीपमधली जागा सातवीतून येणाऱ्या दुसऱ्या मुलीसाठी धरून ठेवली. बाकीच्या अकरा टिकल्या. दहावीला त्या वर्षी वाडीच्या चार मुली होत्या, चारही उत्तीर्ण. गणितात मात्र चौघींनाही भूमितीपेक्षा बीजगणितात जास्त गुण. बारावीची ती बॅटरीवाली मुलगी आता साताऱ्यात परिचारिकेचं शिक्षण घेते.

रस्ता झाला म्हणजे शिक्षण वाढतं असं सरसकट म्हणतात, त्याबद्दल एक गोष्ट. ग्रामसडक योजनेतल्या रस्त्यांवर देशभरची आकडेवारी घेऊन झालेल्या एका अभ्यासात रस्ता पोचलेल्या गावांत उच्च प्राथमिकचा पट सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. पण जिथे रस्त्यामुळे बाहेरची साधी मजुरी चांगली मिळू लागेल, तिथे हा परिणाम फिका पडतो. आमच्याकडे पूल झाल्यावर नऊ मुलग्यांपैकी दोघं बारावी अर्धवट टाकून एमआयडीसीत कंत्राटी कामाला लागले. गाडी आता त्यांनाही सकाळी सव्वानऊला नेते.

पुन्हा करायचं झालं तर

शेवटच्या तासाची नोंद आधीपासून ठेवली असती तर दीड महिना वाचला असता. ही माझी पहिली चूक. दुसरी, चाचणीनंतर मी आधी बोललो आणि मग विचारलं. ती मुलगी गप्प राहिली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. बाकीच्या तिघी गप्पच राहिल्या होत्या.

पालकांची समिती करताना त्यात बायका नव्हत्या, हे कुणालाही खटकलं नाही, मलाही नाही. जीपचा एक आठवडा आणि साडेतीन-चार हजार रुपये त्यात गेले.

मोरीच्या मागे लागलो तेव्हाच आगाराकडे जायला हवं होतं. गाडीची वेळ दहा मिनिटं अलीकडे घेणं आणि पूल बांधणं ही कामं वेगवेगळ्या टेबलांवरची आहेत. एकाची वाट पाहत दुसरं थांबवण्याचं कारण नव्हतं. आणि पूल होत होता त्या वर्षात कुणीतरी पटांगण मोजायला हवं होतं.

शाळेच्या नावावर जीप न घेण्याचा निर्णय बरोबर होता की नाही, यावर आम्हा शिक्षकांत अजून एकमत नाही. मुख्याध्यापिकाबाई म्हणतात बरोबर. मला वाटतं, अपघात झाला असता तर नियम पाळला हे समाधान कुणाच्या उपयोगी पडलं नसतं. पण सही त्यांना करायची होती, मला नाही.

शाळेने प्रवेश अर्जाच्या मागच्या बाजूला आता तीन रकाने छापून घेतले आहेत. शाळेत कशाने येणार, परत कशाने जाणार, घरी किती वाजता पोचणार. अर्ज मुलींनीच भरायचे असं ठरलं आहे. मागच्या जूनमध्ये वाडीतून आठवीला आलेल्या एकीने तिसऱ्या रकान्यात लिहिलं आहे : “गाडी आली तर सहा. नाही आली तर आजीला विचारा, शुक्रवारी ती असते.”